घटक ४ : त्रुटिसंदेशाचे वाचन आणि निवारण-टिपणाचे लेखन

(ईमेल सर्व्हरच्या स्थापनेच्या संदर्भात)

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• ईमेल सर्व्हरमधील प्रमुख भाग आणि त्यांची कामे सांगता येतील.
• त्रुटिसंदेशातील वक्ता, क्रिया, कारण आणि तीव्रता हे घटक वेगळे काढता येतील.
• स्थापनेच्या वेळी नेहमी येणाऱ्या काही त्रुटींचा अर्थ व त्यांवरील उपाय स्पष्ट करता येतील.
• दोष दूर करणे आणि केवळ संदेश बंद करणे यांतील फरक ओळखता येईल.
• नेमक्या मराठीत निवारण-टिपण लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कार्यालयीन पत्र, टिप्पणी, इतिवृत्त, अहवाल हे व्यावहारिक लेखनाचे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. या घटकात आपण एका अशा लेखनाचा विचार करणार आहोत, ज्याला सहसा कोणी ‘लेखन’ मानत नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटणारा त्रुटिसंदेश हे ते लेखन होय. त्याचे वाचन कसे करावे आणि वाचून समजलेली गोष्ट सहकाऱ्यांसाठी मराठीत कशी लिहून ठेवावी, हे दोन प्रश्न या घटकाच्या केंद्रस्थानी आहेत.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात ईमेल सर्व्हरचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दवाखाना किंवा खाजगी कार्यालय येथे नोकरी करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. अशा ठिकाणी संगणक अडला की होणारा संवाद आपल्या परिचयाचा असेल. ‘काय झाले?’ ‘एरर आला.’ ‘काय लिहिले होते?’ ‘माहीत नाही, मी बंद केला.’ ज्या ओळीत अडचणीचे कारण लिहिलेले होते, ती ओळ न वाचताच मिटवली जाते. पुढे बाहेरून तंत्रज्ञ येईपर्यंत काम थांबून राहते आणि तो गेल्यावर त्याने नेमके काय केले, हेही कोणाला सांगता येत नाही.

याचे कारण इंग्रजीचे अज्ञान, असे आपण मानतो. ते अंशतःच खरे आहे. त्रुटिसंदेशातील इंग्रजी शब्द बहुधा साधे व मोजके असतात. उणीव असते ती त्या ओळीकडे वाक्य म्हणून पाहण्याच्या सवयीची. वाक्याचे पृथक्करण करणे हे तर भाषेच्या विद्यार्थ्याचे नित्याचे काम आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ईमेल सर्व्हर : व्यवस्थेची ओळख

ईमेलची व्यवस्था टपाल खात्याच्या व्यवस्थेसारखीच अनेक टप्प्यांची आहे. पत्र स्वीकारणे, पत्त्यावरून त्याचा मार्ग ठरवणे, दुसऱ्या गावच्या कार्यालयाकडे ते सोपवणे आणि शेवटी ते पेटीत ठेवणे, ही कामे वेगवेगळे प्रोग्राम करतात.

या घटकातील उदाहरणे प्रामुख्याने ‘पोस्टफिक्स’ या प्रणालीची आहेत. वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना ती लिहिली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. त्यापूर्वी एरिक ऑलमन यांनी बर्कले येथे तयार केलेली ‘सेंडमेल’ ही प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती. पोस्टफिक्सचे काम पत्र घेणे व पोहोचवणे एवढेच आहे. पेटीतील पत्र वाचकाला उघडून देण्याचे काम ‘डव्हकॉट’सारखी दुसरी प्रणाली करते. पत्त्यातील संस्थेचे नाव कोणत्या यंत्राशी जोडलेले आहे, हे सांगण्याचे काम ‘डीएनएस’ नावाची नामसूची करते. त्या सूचीतील ‘एमएक्स’ ही नोंद पाहून अमुक संस्थेचे टपाल कोणत्या यंत्राकडे द्यायचे, हे ठरते.

दोन सर्व्हर परस्परांशी ज्या ठरावीक पद्धतीने बोलतात, तिला ‘एसएमटीपी’ म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेले तिचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व्हरांच्या या संभाषणासाठी २५ क्रमांकाचे पोर्ट ठरलेले आहे. पोर्ट म्हणजे यंत्राचा क्रमांक दिलेला दरवाजा, असे समजावे.

एवढ्या टप्प्यांपैकी कोणताही टप्पा अडला, तरी वापरणाऱ्याला एकच गोष्ट दिसते : मेल गेला नाही. म्हणून अडचण कोणत्या टप्प्यावर आहे, हे संदेशातूनच शोधावे लागते.

४.३.२ त्रुटिसंदेश : एक उक्ती

भाषाविज्ञानात प्रत्येक उक्तीबाबत काही प्रश्न विचारले जातात. कोण बोलत आहे? कोणाशी? कशाविषयी? कोणत्या हेतूने? हेच प्रश्न त्रुटिसंदेशाला विचारावेत.

येथे मराठीच्या एका लकबीकडे लक्ष द्यायला हवे. ‘त्याने काच फोडली’ या वाक्यात कर्ता आहे. ‘काच फुटली’ या वाक्यात फोडणारा नाही. मराठीत अशी अकर्मक रूपे विपुल आहेत आणि ती अत्यंत सहजपणे वापरली जातात. ‘मेल जात नाही’, ‘सर्व्हर बंद पडला’, ‘नेट अडकले’ ही सर्व वाक्ये त्याच घडणीची आहेत. बोलताना त्यांत काही गैर नाही. परंतु दोष शोधताना कोणी, काय, कोणत्या कारणाने नाकारले, हीच माहिती अशा वाक्यातून गळून पडते. इंग्रजी संदेशातही कर्ता पुष्कळदा लुप्त असतो. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ याचा अर्थ ‘पत्र पुढे पाठवण्याची परवानगी नाकारली’ असा आहे. कोणी नाकारली? आपल्या सर्व्हरने की समोरच्या? ओळीतील इतर खुणांवरून तो कर्ता भरून काढणे हे वाचकाचे काम आहे.

(सूचना : या घटकात मूळ इंग्रजी संदेश उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. पडद्यावर ते रोमन लिपीत दिसतील.)

४.३.३ तीव्रतादर्शक शब्द आणि संदेशांचा क्रम

सर्व्हर आपल्या कामाची नोंद एका फाइलमध्ये करीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये अडचणीच्या ओळीत चारपैकी एक तीव्रतादर्शक शब्द येतो. या शब्दांचे अर्थ ठरलेले आहेत.

१. पॅनिक : प्रणालीच्या आतच बिघाड आहे. तो प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच दुरुस्त करायचा असतो.
२. फेटल : फाइल नाही, परवानगी चुकीची आहे किंवा मांडणीतील मूल्य चुकले आहे. ते दुरुस्त होईपर्यंत तो प्रोग्राम पुढे काम करू शकत नाही. दुरुस्ती आपल्या हातात असते.
३. एरर : येथेही दुरुस्ती बहुधा आपल्याकडेच असते.
४. वॉर्निंग : काम पूर्ण थांबलेले नाही. दोष आपल्या मांडणीत असेल किंवा दूरच्या एखाद्या यंत्रातही असेल.

‘फेटल’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ‘प्राणघातक’ असल्यामुळे नवखा वाचक घाबरतो. प्रत्यक्षात हा शब्द वाचकाला उपयोगी आहे. दोष आपल्याला दुरुस्त करता येण्याजोगा आहे, असेच तो सांगतो. सामान्य व्यवहारातील अर्थ आणि पारिभाषिक अर्थ यांत फरक असतो, या तत्त्वाचे हे चांगले उदाहरण होय.

दुसरा मुद्दा क्रमाचा. एका दोषातून पुढे अनेक दोष निर्माण होतात आणि त्या प्रत्येकाची ओळ लॉगमध्ये उमटते. आपली नजर मात्र शेवटच्या ओळीवर असते, कारण ती पडद्यावर समोर असते. वास्तविक पहिली ओळ कारणाच्या सर्वांत जवळची असते. म्हणून लॉग मागे सरकवत न्यावा, अडचण सुरू झाली ती वेळ शोधावी आणि तेथून खाली वाचत यावे.

४.३.४ स्थापनेतील नेहमीच्या त्रुटी

(अ) कुलूप मिळाले नाही

डेबियन किंवा उबुंटू या प्रणालींवर पोस्टफिक्स बसवताना आरंभीच ‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश येऊ शकतो. कोणत्या प्रोग्रामांची स्थापना झाली आहे, याची एक नोंदवही यंत्रात असते. एका वेळी एकानेच तीत लिहावे म्हणून तिला कुलूप असते. दुसरे कोणी, बहुधा आपोआप चालणारे अद्ययावतीकरण, त्या वेळी लिहीत आहे, एवढाच या संदेशाचा अर्थ आहे. कुलूप कोणत्या प्रक्रियेकडे आहे, हेही नव्या आवृत्त्या त्याच संदेशात सांगतात. थोडा वेळ थांबून आज्ञा पुन्हा देणे हा उपाय आहे. अनेक जण कुलपाची फाइलच पुसून टाकतात. तसे केल्यास दोन प्रोग्राम एकाच वेळी नोंदवहीत लिहू लागतात आणि नोंदवहीच बिघडण्याचा धोका असतो.

(आ) पत्ता आधीच वापरात आहे

‘फेटल : बाइंड... पोर्ट २५ : ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. येथे ‘ॲड्रेस’ या शब्दाने हमखास घोटाळा होतो. वाचकाला वाटते की, ईमेलचा पत्ता दुसऱ्या कोणीतरी घेतला आहे. प्रत्यक्षात येथे पत्ता म्हणजे यंत्राचा क्रमांक आणि पोर्ट यांची जोडी. २५ क्रमांकाच्या दरवाजाशी दुसरा प्रोग्राम आधीच बसलेला आहे, असा या संदेशाचा अर्थ आहे. पूर्वी बसवलेली एखादी टपालप्रणाली किंवा पोस्टफिक्सचीच न थांबलेली जुनी प्रक्रिया तेथे असू शकते. कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर ऐकत आहे, हे दाखवणारी आज्ञा द्यावी, तो प्रोग्राम ओळखावा, त्याची गरज नाही याची खात्री करावी आणि मगच तो बंद करावा.

(इ) नकार आणि मौन

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ या दोन संदेशांचे भाषांतर पुष्कळदा ‘जोडणी झाली नाही’ असे एकच केले जाते. त्यामुळे मोठी माहिती हरवते. पहिल्या संदेशात नकार आहे. समोरचे यंत्र चालू आहे, तेथून उत्तर आले आहे, पण त्या दरवाजाशी कोणी ऐकणारे नाही किंवा येणाऱ्याला स्पष्टपणे परतवले जात आहे. दुसऱ्या संदेशात मौन आहे. आपण हाक मारली आणि ठरलेल्या वेळात काहीच उत्तर आले नाही.

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. डेबियनवर पोस्टफिक्स बसवताना ‘हा सर्व्हर कोणत्या प्रकारचा?’ असा प्रश्न विचारला जातो. तेथे ‘लोकल ओन्ली’, म्हणजे ‘फक्त स्थानिक’, हा पर्याय निवडला, तर सर्व्हर केवळ स्वतःच्या यंत्रातील हाक ऐकतो. बाहेरून येणाऱ्याला मग ‘रिफ्यूज्ड’ हे उत्तर मिळते. स्थापना निर्विघ्न झाली, तरी निवड चुकली, असा हा प्रकार आहे. मौनाचे कारण बहुधा वाटेवरील पहाऱ्यात असते. नको असलेल्या जाहिरातींचा लोंढा रोखण्यासाठी अनेक इंटरनेटसेवा पुरवठादार २५ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाणारी वाहतूक अडवतात. अशा वेळी आपली मांडणी कितीही तपासली, तरी दोष सापडत नाही. पुरवठादाराकडे विचारणा करणे किंवा एखाद्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत, बहुधा ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून, पत्रे पाठवणे हे उपाय आहेत.

(ई) नाव सापडले नाही

‘होस्ट नॉट फाउंड’ आणि ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ या दोन संदेशांत केवळ दोन शब्दांचा फरक आहे. पहिला संदेश सांगतो की, नामसूचीत हे नाव नाही. पत्ता लिहिताना चूक झाली असण्याचा संभव अधिक असतो. दुसरा संदेश सांगतो की, नामसूचीकडून आत्ता उत्तर मिळाले नाही, पुन्हा विचारा. म्हणजे नाव बरोबरही असू शकते. अडचण विचारणा करण्याच्या वाटेवर आहे. पोस्टफिक्सचे काही भाग सुरक्षिततेसाठी एका बंदिस्त फोल्डरमध्ये चालवले जातात आणि नामसूचीचा पत्ता असलेल्या फाइलची प्रत तेथे स्वतंत्र ठेवावी लागते. नेटवर्क बदलले आणि ती प्रत जुनीच राहिली, तर यंत्रावरील इतर सर्व प्रोग्रामांना इंटरनेट मिळते, पण मेल मात्र अडकून राहतात. डेबियनवर पोस्टफिक्स पुन्हा सुरू केल्यास ही प्रत नव्याने केली जाते.

(उ) ओळीच्या आरंभीची मोकळी जागा

पोस्टफिक्सच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जी ओळ मोकळ्या जागेने सुरू होते, ती आधीच्या ओळीचा पुढचा भाग समजली जाते. मराठी गद्यात परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत सरकवण्याची आपल्याला सवय असते. त्याच सवयीने येथे एखादी ओळ आत सरकली, तर ती स्वतंत्र सूचना न राहता मागच्या सूचनेच्या मूल्यात मिसळते आणि तक्रार मात्र भलत्याच सूचनेविषयी येते. विरामचिन्हाने अर्थ बदलतो, हे आपण व्याकरणात शिकलो आहोत. येथे रिकाम्या जागेने अर्थ बदलतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये ‘पॅनिक’ हा शब्द कोणत्या प्रकारचा दोष दर्शवतो?
२. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ या संदेशात ‘ॲड्रेस’ म्हणजे काय?
(आ) ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.

४.३.५ बोलणारा कोण? अंक काय सांगतात?

स्थापना झाल्यानंतर चाचणीचे पत्र पाठवले जाते. ते परत आले, तर त्यासोबतच्या ओळीत ‘सेड’, म्हणजे ‘म्हणाला’, हा शब्द आहे का, ते प्रथम पाहावे. ‘अमुक होस्ट सेड : ५५० ५.१.१...’ अशी ओळ असेल, तर पुढचे शब्द समोरच्या सर्व्हरचे आहेत. आपल्या सर्व्हरने ते केवळ उद्धृत केले आहेत. ते उत्तर आपल्या कोणत्या आदेशावर मिळाले, हेही ओळीच्या शेवटी लिहिलेले असते. ‘सेड’ नसेल, तर तो बहुधा आपल्या सर्व्हरचा स्वतःचा निष्कर्ष असतो. आपल्याला परिचित असलेला स्वगत कथन आणि परोक्त कथन यांतील हाच भेद आहे. तो न ओळखल्यास दुसऱ्याच्या नकारासाठी आपण आपलीच मांडणी मोडत बसतो.

नकारासोबत येणाऱ्या तीन अंकी संकेतालाही व्याकरण आहे. पहिला अंक निकाल सांगतो.

• २ : काम झाले.
• ३ : आतापर्यंतचे मान्य, पुढचा मजकूर द्या.
• ४ : आत्ता नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा.
• ५ : नाही, आहे त्या स्वरूपात पुन्हा पाठवू नका.

त्यानंतर अनेकदा ‘५.१.१’ असा बिंदूंनी जोडलेला दुसरा संकेत येतो. त्यातील मधला अंक विषय सांगतो : १ म्हणजे पत्ता, २ पेटी, ३ टपालप्रणाली, ४ नेटवर्क आणि मार्ग, ५ संभाषणाची पद्धत, ६ मजकूर, ७ सुरक्षा व धोरण. म्हणून ‘५.१.१’ पाहताच कायमचा नकार, विषय पत्ता, असे वाचता आले पाहिजे. त्या संकेताचा अर्थ ‘असा पत्ता येथे नाही’ हाच आहे. मराठीतील क्रियापदाच्या प्रत्ययावरून आपण काळ, लिंग व वचन जसे ओळखतो, तशीच ही फोड आहे.

४ आणि ५ यांतील फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. ४ ने सुरू होणारे उत्तर मिळाल्यास पोस्टफिक्स ते पत्र रांगेत ठेवतो आणि अधूनमधून पुन्हा प्रयत्न करतो. मूळ मांडणीनुसार ही मुदत ५ दिवसांची असते. त्या मुदतीतही पत्र पोहोचले नाही, तर ते पाठवणाऱ्याकडे परत येते. म्हणजे आज सकाळी सुरू झालेली अडचण पाठवणाऱ्याला ५ दिवसांनी कळू शकते. दरम्यान एखाद्या अर्जाची अंतिम तारीख निघून जाते. नव्याने बसवलेल्या सर्व्हरवर रांग पाहण्याची आज्ञा रोज द्यावी, ती याचसाठी.

४.३.६ संदेश बंद करणे आणि दोष दूर करणे

प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात जवळून पाहिलेला प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. तेथे नवा मेल सर्व्हर बसवला होता. कार्यालयातून मेल जात होते. एक प्राध्यापक घरून मेल पाठवू लागले, तेव्हा मात्र ‘५५४ ५.७.१ : रिले ॲक्सेस डिनाइड’ असे उत्तर येऊ लागले. मधला अंक ७, म्हणजे विषय सुरक्षेचा. बोलणारा महाविद्यालयाचाच सर्व्हर. ‘तुम्ही आमच्या परिसरातील नाही, तुमची ओळखही पटलेली नाही, म्हणून तुमचे पत्र मी तिसऱ्याकडे नेणार नाही’, असे तो सांगत होता. हे उत्तर योग्यच होते.

परंतु कार्यालयात त्याचे वर्णन ‘सरांचा मेल जात नाही’ एवढेच झाले. कोणीतरी सुचवल्यावरून विश्वासार्ह यंत्रांच्या यादीत जगातील सर्व पत्ते घालण्यात आले. संदेश थांबला. सरांचे मेल जाऊ लागले आणि सर्वांना समाधान वाटले. काही दिवसांत अनोळखी मंडळी त्या सर्व्हरवरून स्वतःची जाहिरातपत्रे पाठवू लागली. पाठोपाठ तो सर्व्हर प्रतिबंधित यादीत गेला आणि महाविद्यालयाची खरी पत्रेही ठिकठिकाणी नाकारली जाऊ लागली. विद्यार्थ्यांच्या परीक्षा अर्जांसंबंधी गेलेली पत्रेही त्यांत होती. ज्यांचा या बदलाशी काहीही संबंध नव्हता, त्यांना त्याची झळ पोहोचली.

योग्य उपाय अवघड नव्हता. बाहेरून पाठवणाऱ्याने ५८७ क्रमांकाच्या पोर्टवर नाव व परवलीचा शब्द देऊन ओळख पटवायची आणि ती ओळख पटलेल्यांनाच परवानगी द्यायची. ओळख तपासण्याचे काम डव्हकॉटकडे देता येते. संदेशातील प्रत्येक शब्द वाचला असता, तर हा उपाय त्यातच सूचित होता. पहारेकऱ्याने हटकले म्हणून पहाराच काढून टाकावा, तसे येथे झाले. यावरून एक नियम लक्षात ठेवावा : जो बदल केल्याने संदेश थांबला, तो का थांबला हे सांगता येत नसेल, तर दोष दूर झाला असे मानू नये.

४.३.७ देवनागरी पत्ते आणि सर्व्हर

मराठीच्या विद्यार्थ्याने आवर्जून समजून घ्यावी अशी एक त्रुटी आहे. १९८२ च्या नियमांत पत्त्यासाठी केवळ रोमन अक्षरे, अंक व काही चिन्हे गृहीत धरलेली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. मात्र संपूर्ण पत्ता देवनागरीत लिहायचा, तर दोन्हीकडच्या सर्व्हरांना तो समजावा लागतो. त्यासाठीची ‘एसएमटीपीयूटीएफ८’ ही विस्तारित पद्धत २०१२ मध्ये ठरली आणि २०१५ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स ३.० पासून त्या प्रणालीत उपलब्ध झाली.

समोरच्या सर्व्हरला ही पद्धत येत नसेल, तर ‘एसएमटीपीयूटीएफ८ इज रिक्वायर्ड, बट वॉज नॉट ऑफर्ड’ असा संदेश मिळतो. शब्दशः अर्थ असा : ‘ही पद्धत आवश्यक आहे, परंतु समोरून ती देऊ केली गेली नाही.’ या वाक्यात दोष देवनागरीचा किंवा पत्ता लिहिणाऱ्याचा आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. समोरच्या सर्व्हरमध्ये ती सोय नाही किंवा ती चालू केलेली नाही, एवढेच म्हटले आहे. ‘मराठीत पत्ता चालतच नाही’ हा निष्कर्ष अनेक जण यावरून काढतात, तो चुकीचा आहे. संदेश नीट वाचणारा वापरकर्ता ती सोय नेमकी कोणाकडे मागायची, हे जाणतो.

४.३.८ निवारण-टिपण : स्वरूप आणि नमुना

अडचण सुटल्यावर तिची नोंद केली नाही, तर पुढच्या माणसाला सर्व शोध पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून निवारण-टिपण लिहावे. त्याची पथ्ये पुढीलप्रमाणे :

१. मूळ संदेश जसाच्या तसा, मूळ लिपीत उतरवावा. त्याचे भाषांतर स्वतंत्र ओळीत द्यावे. शोध घेताना मूळ शब्दच उपयोगी पडतात.
२. पाहिलेले आणि तर्काने काढलेले यांत भेद ठेवावा. ‘दिसले’ आणि ‘असावे’ ही क्रियापदे जाणीवपूर्वक वापरावीत.
३. प्रत्येक वाक्यात कर्ता असावा. ‘बदल करण्यात आला’ याऐवजी कोणी केला, ते लिहावे.
४. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याआधीचे मूल्यही नोंदवावे.
५. परवलीचे शब्द व व्यक्तींचे खाजगी पत्ते टिपणात लिहू नयेत.

नमुना :

विषय – बाहेरून येणारे मेल सर्व्हरपर्यंत न पोहोचणे.
मूळ संदेश – (रोमन लिपीत उतरवावा.) अर्थ : जोडणी नाकारली.
वक्ता – पाठवणाऱ्याचा सर्व्हर. आमच्या यंत्राचे पोर्ट २५ उघडे नाही, असे तो कळवतो.
काय पाहिले – पोस्टफिक्स चालू आहे. तो फक्त यंत्राच्या अंतर्गत पत्त्यावर ऐकत असल्याचे मला दिसले.
कारण – स्थापनेच्या वेळी ‘फक्त स्थानिक’ हा पर्याय निवडला गेला असावा.
काय केले – मी ऐकण्याच्या पत्त्यांचे मूल्य ‘फक्त अंतर्गत’ वरून ‘सर्व’ असे बदलले आणि पोस्टफिक्स पुन्हा सुरू केला.
पडताळणी – बाहेरच्या खात्यावरून पाठवलेले चाचणीचे पत्र मिळाले. अनोळखी यंत्रावरून तिसऱ्याला पत्र पाठवण्याचा प्रयत्न सर्व्हरने नाकारला.

पडताळणीतील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. जे चालायला हवे ते चालते, एवढे पाहून भागत नाही. जे अडायला हवे ते अडते का, हेही पाहावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. ४ या अंकाने सुरू होणारे उत्तर म्हणजे (काम झाले / तात्पुरता नकार / कायमचा नकार).
२. ‘५.७.१’ यातील ७ हा अंक (पत्ता / पेटी / सुरक्षा व धोरण) हा विषय दर्शवतो.
(आ) लॉगमधील ‘सेड’ या शब्दाचे महत्त्व काय?

४.४ सारांश

त्रुटिसंदेश हे एक वाक्य आहे आणि ते वाक्याप्रमाणेच वाचावे, हे या घटकाचे मुख्य सूत्र आहे. संदेशातील वक्ता कोण, नकार कायमचा की तात्पुरता, शब्द रूढ अर्थाने आला आहे की पारिभाषिक अर्थाने, आणि अडचणीची पहिली ओळ कोणती, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की ईमेल सर्व्हरच्या स्थापनेतील बहुतेक अडचणींची दिशा स्पष्ट होते. मराठी बोलण्यातील अकर्तृक वाक्ये दैनंदिन व्यवहारात सोयीची असली, तरी टिपणात कर्ता, क्रिया व कारण यांचा स्पष्ट उल्लेख हवा. संदेश थांबवणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे. नीट लिहिलेल्या टिपणामुळे ज्ञान एका तंत्रज्ञापुरते न राहता कार्यालयाच्या मालकीचे होते आणि ते मराठीत असेल, तर कार्यालयातील प्रत्येकाला वापरता येते.

४.५ पारिभाषिक शब्द

लॉग – प्रणालीने स्वतःच्या कामाची ठेवलेली क्रमवार नोंद.
पोर्ट – यंत्रावरील विशिष्ट सेवेसाठीचा क्रमांकित प्रवेशमार्ग.
डीएनएस – संस्थेचे नाव व यंत्राचा पत्ता यांची सांगड घालणारी नामसूची.
रिले – एकाकडून घेतलेले पत्र दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे पाठवणे.
रांग – पोहोचवायची बाकी असलेली पत्रे ठेवण्याची जागा.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १. प्रणालीच्या आतील, प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच दुरुस्त करायचा दोष. २. यंत्राचा क्रमांक आणि पोर्ट यांची जोडी. (आ) पहिल्यात समोरच्या यंत्राकडून नकाराचे उत्तर येते. दुसऱ्यात ठरलेल्या वेळात कोणतेही उत्तर येत नाही.

प्रश्न – २ : (अ) १. तात्पुरता नकार. २. सुरक्षा व धोरण. (आ) पुढील शब्द समोरच्या सर्व्हरचे असून आपल्या सर्व्हरने ते उद्धृत केले आहेत, हे त्यावरून कळते.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘त्रुटिसंदेश ही एक उक्ती आहे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. दोष दूर करणे आणि संदेश बंद करणे यांतील फरक ४.३.६ मधील प्रसंगाच्या आधारे लिहा.
३. पुढील तक्रार कर्ता, क्रिया व कारण यांसह पुन्हा लिहा : ‘कालपासून मेल येत नाहीत, काहीतरी अडकले आहे.’ आवश्यक ती माहिती कोणाकडून व कशी मिळवाल, तेही सांगा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या कामाच्या ठिकाणी किंवा घरी येत्या पंधरा दिवसांत संगणकावर अथवा मोबाइलवर येणारे कोणतेही ३ त्रुटिसंदेश जसेच्या तसे उतरवून घ्या. प्रत्येकातील वक्ता, क्रिया, कारण व तीव्रता यांची फोड करा. त्यांपैकी एका संदेशावर वरील नमुन्याप्रमाणे निवारण-टिपण लिहा आणि ते संगणकाची फारशी माहिती नसलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याला जे वाक्य समजले नाही, ते वाक्य पुन्हा लिहा.